विमान एक आणि बटणं आठ

राधाकृष्ण वाकचौऱ्यांपुढचा प्रश्न वरवर बघता अगदी किरकोळ होता. विमानाची मोटार बंद करायचं बटण कुठलं ठेवायचं?

विमान फोमचं होतं, चार फूट पंखांचं, रेडिओवर उडणारं. गेले तीन आठवडे ते जेवणाच्या टेबलावर पंख पसरून बसलं होतं आणि संगमनेरच्या सहजीवन कॉलनीतल्या त्या घरात नवरा-बायको खाली चटई टाकून जेवत होते. जोडणी पार पडली होती. नाकावरचा पंखा फिरत होता, शेपटी हलत होती. अडलं होतं ते हातातल्या पेटीपाशी. दुकानदार तिला ट्रान्समीटर म्हणाला होता, जयाताई रिमोट म्हणत आणि राधाकृष्णराव पेटी म्हणत. पेटीवर अंगठ्यांनी हलवायच्या दोन दांड्या होत्या. विमानानं वळायचं, चढायचं, उतरायचं ते त्यांच्यावर. त्याशिवाय आठ बटणं होती आणि त्यांना जन्मतः काहीच काम नव्हतं. माहितीपुस्तकात एवढंच छापलं होतं की ही बटणं वापरणाऱ्यानं आपल्या मर्जीप्रमाणे नेमून घ्यावीत.

या मर्जीनं घात केला. राधाकृष्णरावांनी चौतीस वर्षं वीज मंडळाच्या सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून काढली होती. तिथे प्रत्येक बटणाला नंबर, नंबराला पाटी, पाटीची नोंद रजिस्टरात आणि रजिस्टर कपाटात. मर्जी हा शब्द त्यांनी नोकरीत फक्त साहेबांच्या बाबतीत ऐकलेला. चौतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एकही अपघात नाही, असं निवृत्तीच्या मानपत्रात छापलं होतं आणि ते मानपत्र टीव्हीच्या वर टांगलेलं होतं. असा माणूस मनाला येईल ते बटण मनाला येईल त्या कामाला कसा लावणार?

म्हणून त्यांनी सल्ला घेतला. ही चूक झाली.

पहिला सल्ला नूरमहंमदांचा. नूरमहंमद शेख म्हणजे समोरच्या घरातले एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली आणि विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवला, तो ईदच्या दिवशी शेरवानीवर लावत. विमान जोडताना प्रत्येक स्क्रू त्यांच्या नजरेखालून गेला होता. ते म्हणाले, "थांबायचं ते डाव्या हाताला ठिवा. हँडब्रेक डाव्या हातालाच असतो. माणूस घाबरला की डावा हात आपोआप तिकडं जातो."

शेजारचे अंगद मेडिकलवाले मूळचे सोनईकडचे. ते पेटीकडे बघून हसले. "आमच्या शिंगणापुरात घराला दार लावत नाहीत, कुलूप तर लांबच. आणि तुम्ही एवढुशा मोटारीला कुलूप घालताय? देवावर सोडा."

जयाताई कुरडयांचा चीक घोटता घोटता म्हणाल्या, "माझ्या मिक्सरला एकच बटण आहे. वीस वर्षं झाली, अजून चुकले नाही."

शेवटचा आणि सगळ्यात ठाम सल्ला कॉलनीचे अध्यक्ष गोरक्षनाथ गुंजाळ यांचा. गुंजाळांना सल्ला विचारावा लागत नाही. ते दारावरून जाताना तो देऊन जातात. त्यांचा मुद्दा दिशेचा होता. "वाकचौरे, आख्ख्या देशात बटण खाली केलं की दिवा लागतो. तुम्ही तर विजेतले माणूस. मग ह्या पेटीत खाली म्हणजे बंद, हे कसलं परदेशी खूळ? खाली म्हणजे चालू. बदला!"

खरं तर पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की पेटी सुरू करताना सगळी बटणं वर, म्हणजे आपल्यापासून लांब असावीत आणि त्या जागी सगळं बंद असावं, म्हणजे गुंजाळांना हवं होतं तेच. पेटी मात्र आडवी धरली की बटणाचं वर कुठलं आणि खाली कुठलं हेच राधाकृष्णरावांना नक्की कळेना, आणि गुंजाळांचा आवाज भारदस्त होता. त्यांनी दिशा बदलली. मग बदलली की नाही याची शंका आली म्हणून पुन्हा बदलली. मग चहा आला. चहानंतर आपण दोनदा बदलली की तीनदा, हे त्यांना आठवेना.

तेव्हा त्यांनी विमानाची बॅटरी जोडून खात्री करायचं ठरवलं.

विमानानं खात्री करून दिली. नाकावरचा पंखा एकदम भिरभिरला, विमान टेबलावरून सुटलं आणि समोर दिवाणावर धोतरावर वाळत घातलेल्या कुरडयांमधून, शेतातून ट्रॅक्टर जावा तसं, सरळ गेलं. ओल्या कुरडयांचे तुकडे पंख्याला, भिंतीला आणि मानपत्राच्या काचेला चिकटले. विमान उशीत नाक खुपसून गुरगुरत राहिलं. नूरमहंमदांनी झडप घालून बॅटरीची वायर उपटली म्हणून बरं.

जयाताई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी आधी नवऱ्याची दहा बोटं मोजली आणि मग कुरडया बघितल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तीन किलोचा घाणा होता."

राधाकृष्णरावांना बोटांचं किंवा कुरडयांचं काही वाटलं नाही. त्यांना काच पुसावी लागली त्याचं वाटलं. 'एकही अपघात नाही' या ओळीवर नेमका चीक वाळला होता आणि तो नखानं निघत नव्हता.

त्यानंतर पेटीवर चिठ्ठ्या आल्या. जयाताईंचं अक्षर चांगलं, म्हणून त्यांनी चिकटपट्टीच्या तुकड्यांवर 'मोटार', 'झडपा', 'दिवे', 'हलका हात' असं लिहून दिलं. हलका हात म्हणजे ज्यानं दांडी जोरात हलवली तरी विमान हळूच वळतं ते बटण. झडपा म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडा खाली झुकवून वेग कमी करायची सोय. सगळं रीतसर झालं. पुढच्या रविवारी दोघे मित्र स्कूटरवर विमान आडवं धरून अकोले रस्त्याला गेले. तिथे नूरमहंमदांच्या मेहुण्याचं ऊस तुटून गेलेलं मोकळं रान होतं.

चैत्राचं ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. अशा उन्हात चिकटपट्टीचा डिंक वितळतो आणि चिठ्ठ्या सरकतात, हे सबस्टेशनच्या वातानुकूलित कंट्रोल रूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. नूरमहंमदांनी चार पावलं पळत जाऊन विमान हवेत सोडलं. ते चढलं. खरोखर चढलं! राधाकृष्णरावांच्या छातीत काहीतरी हललं. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत तसं काही हललं नव्हतं. त्या आनंदात त्यांनी 'हलका हात' चिठ्ठीखालचं बटण ओढलं. चिठ्ठी एक घर सरकलेली होती. झडपा पडल्या, भरवेगातलं विमान नाक वर करून उभं राहिलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि बांधावरच्या बाभळीत जाऊन बसलं.

बाभळीखाली साळूबाई बसली होती. शेळ्या घेऊन आलेली, सत्तरीची असावी. तिनं वर बघितलं, मग या दोघांकडे बघितलं.

"ह्ये पाखरू तुमचंय व्हय?"

"आमचंच आहे," राधाकृष्णराव म्हणाले. हे सांगताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते लिहिण्यात अर्थ नाही.

साळूबाईनं आकडीनं फांदी वाकवून दिली, नूरमहंमदांनी काटे खात विमान उतरवलं. एका पंखाला खोक पडली होती. तोवर साळूबाईनं पेटी न्याहाळली आणि बटणांची सगळी हकीगत ऐकून घेतली.

"आन् एवढ्या बटनात थांबायचं कंचं?"

"हे डावीकडचं."

"मंग पयलं त्येच शिका की. आमच्या म्हाताऱ्यानं गोऱ्हा औताला धरला, की म्हैनाभर निस्तं 'हो' म्हनलं की हुबं ऱ्हायाचं शिकवायचा. चालाया काय, त्येचं त्यो चालतुय. न थांबनारा बैल लई वंगाळ."

येताना स्कूटरवर विमान पुन्हा आडवं धरलेलं होतं. नाक्याजवळ नूरमहंमद म्हणाले, "बाई बोलली ते आमच्या ट्रेनिंगात पण हुतं. पयला धडा ब्रेकचाच."

त्या संध्याकाळी आठ बटणांचा निकाल लागला. दांड्यांवरून अंगठे न उचलता, न बघता, नुसत्या तर्जनीनं पोचता येतील अशी बटणं दोनच होती. पेटीच्या डाव्या खांद्यावरचं एक, उजव्या खांद्यावरचं एक. डाव्यावर मोटार बंद, उजव्यावर हलका हात. बाकी सगळं समोर, निवांत बघून दाबायचं. चिठ्ठ्या काढून टाकल्या. पुढचे तीन रविवार विमान उडालं आणि जिथे उतरवायचं त्याच्या आसपास उतरलंही. इथे हकीगत संपायला हरकत नव्हती. पण कॉलनीला अध्यक्ष होते.

कॉलनीच्या फाटकाशी भीमाबाई भाजीची गाडी लावायची. पाथर्डीकडची बाई, ऊसतोडीला नवऱ्याबरोबर इकडे आली, नवरा गेला, ही इथेच राहिली. तिची मुलगी पंकजा स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाली होती आणि प्रशिक्षण संपवून एक मेला पहिल्यांदा वर्दीत घरी येणार होती. कॉलनीनं शेजारच्या शाळेच्या मैदानावर तिचा सत्कार ठरवला. गुंजाळ राधाकृष्णरावांच्या दारात उभे राहिले ते बसलेच नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं.

"पुष्पवृष्टी! विमानातून! आपल्या जिल्ह्यात अशी कुठल्या कॉलनीनं केली नसेल. तुमच्या नावासकट माइकवर सांगतो."

नावासकट म्हटल्यावर राधाकृष्णरावांना नाही म्हणवलं नाही. परवानगीचा अर्ज घेऊन ते पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागच्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला.

"ड्रोन का?"

"ड्रोन नाही, विमान."

"कॅमेरा आहे?"

"नाही."

"मग उडवता कशाला?"

चौसष्ट दिवस राधाकृष्णराव या उद्योगात होते. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. ते खरंच विचारात पडले. हवालदारांनी थोडी वाट बघून 'उद्देश: पुष्पवृष्टी' असं स्वतःच लिहून टाकलं आणि पुढचं विचारलं, "कुठं उतरणार?"

"मैदानावरच. फक्कीची रेघ मारतोय आम्ही."

"आणि रेघेवर नाही उतरलं तर?"

यावर एक हमीपत्र लिहून द्यावं लागलं, तीन प्रतींत. 'यामुळे कोणासही इजा झाल्यास सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.' सही करताना राधाकृष्णरावांचं पेन 'सर्वस्वी' या शब्दापाशी जरा घुटमळलं.

नूरमहंमदांनी साबणाची डबी, एक स्प्रिंग आणि चिमुकली मोटार घेऊन विमानाच्या पोटात फुलांची कुपी बसवली. बटण दाबलं की झाकण पडायचं आणि मूठभर झेंडूच्या पाकळ्या मोकळ्या. काम इतकं सुबक झालं की जयाताईंनी त्यांना चहाबरोबर कुरडई तळून दिली, दुसऱ्या घाण्यातली. पण फुलं नेमक्या क्षणाला पडायला हवीत, म्हणजे हे बटण तर्जनीखाली हवं. हलका हात समोर गेला आणि उजव्या खांद्यावर फुलं आली.

रानात तालीम घेतली. राधाकृष्णराव उजव्या तर्जनीनं बटण दाबायला गेले की उजवा अंगठाही हलायचा आणि विमान गचका खायचं. दहा वेळा केलं, दहा वेळा गचका. वयाच्या एकसष्टीत बोटं एकमेकांपासून वेगळी वागायला तयार नव्हती.

"तुमी दांड्या सांभाळा," नूरमहंमद म्हणाले. "फुलांचं बटण मी दाबतो. बाजूला हुबा ऱ्हातो आन् तुमी म्हणलं की दाबतो. हाय काय त्यात?"

"नको."

"का बरं?"

"पेटी एका माणसाच्या हातात असते, नूरभाई. दुसऱ्याचा हात लागता कामा नये."

"दुसऱ्याचा?"

राधाकृष्णरावांना शब्द परत घ्यावासा वाटला, पण तो जिभेवरून गेलेला होता. नूरमहंमदांनी फुलांच्या पिशवीचं तोंड सावकाश बांधलं.

"एकतीस वर्षं माझ्या पाठीमागं पन्नास-पन्नास माणसं बसून झोपायची," ते म्हणाले. "वळखीची ना पाळखीची. तोंड उघडं टाकून झोपायची. आन् तुमचा एका बटनापुरता इस्वास न्हाई."

"विश्वासाचा प्रश्न नाही हो."

"मग कशाचा हाय?"

राधाकृष्णराव विमानाची बॅटरी काढायला वाकले. नूरमहंमद रस्त्यापर्यंत चालत गेले आणि आलेल्या पहिल्या एसटीला हात करून निघून गेले. ड्रायव्हरनं त्यांना ओळखून गाडी थांबवली, तेव्हा स्कूटरपाशी विमान घेऊन उभ्या माणसाला आपण जरा जास्तच एकटे असल्यासारखं वाटलं. विमान स्कूटरवर एकट्यानं नेता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. घरी यायला दीड तास लागला.

नंतरचे नऊ दिवस समोरचं दार सकाळी साताला उघडायचं, दूध आत जायचं आणि बंद व्हायचं. नूरमहंमदांच्या बायको मेहताबभाभी जयाताईंशी पूर्वीसारख्याच बोलत होत्या. "तुम्ही जाऊन या," जयाताई रोज म्हणायच्या. राधाकृष्णराव रोज "जातो" म्हणायचे आणि गच्चीवर जाऊन नुसत्या पेटीवर बोटांची सवय करत बसायचे.

एक मेला सकाळी नऊलाच मैदान भरलं. मांडव, माइक, खुर्च्या. समोर फक्कीच्या दोन रेघा विमानासाठी आणि त्यांच्या कडेला पंकजानं उभं राहायचं म्हणून एक गोल. भीमाबाईला स्टेजवर खुर्ची होती, पण ती फाटकाशी गाडीपाशीच उभी होती. "माल सुकंल," ती म्हणाली, "हितूनच दिसतंय समदं." पंकजा वर्दीत आली तेव्हा टाळ्या पडल्या. राधाकृष्णरावांनी अंगदकडून विमान हवेत सोडवून घेतलं आणि ते वर चढताच सगळं मैदान एका आवाजात "ओऽ" म्हणालं.

पहिल्या फेरीला तर्जनी हलली, अंगठा हलला, विमानानं गचका खाल्ला. राधाकृष्णरावांनी घाईनं ते सावरलं. फुलं पोटातच राहिली. गुंजाळ माइकवरून म्हणाले, "ही होती सलामी!" दुसऱ्या फेरीला पश्चिमेचा वारा निघाला आणि विमान गोलापासून चाळीस फूट लांबून गेलं. "हा होता सराव!" गुंजाळ म्हणाले. लोक हसले. पंकजा मान वर करून उन्हात ताठ उभी होती, तिच्या कपाळावरून घाम उतरत होता. मोबाईल घेऊन पोरंटोरं, बाया, सत्काराचे हार धरलेले लोक हळूहळू रेघा ओलांडून आत येत होते. "मागं सरा!" असं राधाकृष्णराव ओरडले, पण माइकपुढे तो आवाज कुणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी येऊन त्यांच्यापुढे उभं राहिलं. लोकांनी धक्का देऊ नये म्हणून पाठीची भिंत करून, तोंड त्यांच्याकडे करून.

"सांगा, कदी दाबू?"

नूरमहंमद होते. राधाकृष्णरावांनी आभाळातून नजर काढली नाही.

"उजवीकडचं. मी म्हटलं की."

"व्हय."

विमान वळलं, खाली आलं, तीस फुटांवरून नीट गोलाच्या रोखानं निघालं. वारा पडला होता. अशी फेरी तालमीतही साधली नव्हती.

"आता!"

नूरमहंमदांनी उजवीकडचं बटण दाबलं. त्यांच्या उजवीकडचं. समोर तोंड करून उभ्या माणसाची उजवी म्हणजे पेटीची डावी, हे दोघांच्याही ध्यानात आलं ते मोटारीचा आवाज एकाएकी बंद पडल्यावर. मैदानावर ती शांतता कुरडयांच्या दिवशीच्या गोंगाटापेक्षाही मोठी वाटली.

"चुकलं!" नूरमहंमदांचं बोट बटण परत ओढायला गेलं.

"राहू द्या!"

"मोटार..."

"बंदच राहू द्या. खाली माणसं आहेत."

हे आपण बोललो याचं राधाकृष्णरावांनाच नवल वाटलं. मोटार चालू केली असती तर विमान वाचलं असतं, चौथी फेरी झाली असती, नाव राहिलं असतं. पण रेघांच्या आत सगळी माणसंच माणसं होती आणि फिरता पंखा काय करतो ते त्यांनी दिवाणावर बघितलं होतं. त्यांनी विमान गर्दीवरून अलगद उजवीकडे काढलं. मुकं विमान तरंगत स्टेजच्या टोकावरून गेलं, कडुनिंबाला चुकवून फाटकाकडे उतरत गेलं. समोर उघडी, रिकामी जागा अशी एकच होती आणि तिथे एक हातगाडी उभी होती. भीमाबाई गाडीच्या अलीकडे की पलीकडे, ते त्यांना दिसेना. त्यांनी झडपा टाकल्या.

विमान मेथीच्या जुड्यांवर पोटानं टेकलं, टोमॅटोपर्यंत घसरलं आणि थांबलं. धक्क्यानं डबी उघडली. झेंडूच्या सगळ्या पाकळ्या भाजीवर, वजनकाट्यावर आणि दोन हात मागे सरून उभ्या राहिलेल्या भीमाबाईच्या पदरावर उधळल्या.

पंकजा गोल सोडून पळत सुटली. वर्दीची टोपी वाटेत पडली. आईला तिनं आधी खांदे धरून चाचपलं आणि मग मिठीच मारली.

"आगं, मला काय बी न्हाई झालं," भीमाबाई म्हणाली. "टोपी उचल आदी. सरकारी हाय ती." मग मेथीकडे बघून म्हणाली, "आता ही फुलं येचायची कुनी?" आणि हे म्हणता म्हणता तिला एकदम रडूच आलं.

मग गुंजाळांना सुचलं. माइकवर त्यांचा आवाज फुटला: "मंडळी! पुष्पवृष्टी लेकीवर नाही, आईवर! ही कल्पना होती आपल्या कॉलनीची!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला की निंबावरचे कावळे उडाले.

राधाकृष्णराव पेटी घेऊन मांडवाच्या मागे गेले आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. नूरमहंमद येऊन शेजारी बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी चुकलो. तुमीच बरोबर हुता. दुसऱ्याचा हात लागू नये."

"नूरभाई, ऐका जरा," राधाकृष्णराव म्हणाले. माइकवर कुणाचं तरी भाषण सुरू झालं. "घारगावकडच्या लाइनीची गोष्ट आहे. पंचवीस वर्षं होऊन गेली. लाइन क्लिअर आहे असा फोन आला. कागद यायला हवा होता, पण ओळखीचा आवाज होता, म्हणून मी नुसत्या शब्दावर लाइन चालू केली. पोलवर माणूस होता. दोन मिनिटं आधी त्यानं तारेवरचा हात काढून पान लावायला घेतलं होतं, म्हणून वाचला. तो खाली आला, हसला, म्हणाला राहू द्या साहेब. रजिस्टरात काही नाही. जयाला सांगितलेलं नाही. बटण दाबलं होतं मी आणि त्यानंतर भरवसा उडाला तो माझ्यावरचा. तो अविश्वास मी लोकांवर ढकलत आलो."

नूरमहंमदांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"चंदनापुरी घाट," ते म्हणाले. "पाहाटची गाडी, पुण्याहून येताना. डोळा लागला. किती वेळ, अल्ला जाणे. जागा झालो तवा चाक कठड्याला घासत हुतं. सरळ केली. पाठीमागं बगितलं तर पन्नास माणसं झोपल्याली. कुनाला पत्ता न्हाई." त्यांनी एक सुस्कारा सोडला. "बिल्ला त्याच साली मिळाला."

जयाताई चहाचे दोन कप घेऊन आल्या, त्यांच्या तोंडांकडे बघून काही न विचारता कप ठेवून गेल्या. तिकडे माइकवर गुंजाळांचा आवाज चढला होता: "...आणि अशा अचूक नियोजनाबद्दल, एकही चूक न करता हा कार्यक्रम पार पाडल्याबद्दल, श्री. राधाकृष्ण वाकचौरे आणि श्री. नूरमहंमद शेख यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार! या, पुढे या!"

नूरमहंमद खुदकन हसले. मग राधाकृष्णराव हसले. मग दोघांना हसू आवरेना, चहा कठड्यावर सांडला. माइकवरून तिसऱ्यांदा नावं पुकारली गेली तेव्हा कुठे राधाकृष्णराव गुडघ्यावर हात टेकून उठले. विजार झटकायला त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते.

"ही धरा," ते म्हणाले आणि त्यांनी पेटी नूरमहंमदांच्या हातात दिली.

नूरमहंमदांनी ती तळहातांवर, काचेचं भांडं धरावं तशी लांब धरली.

"नीट धरा हो," राधाकृष्णराव चालता चालता म्हणाले. "बटणांना हात लागला तरी चालेल."